मुकटा आणि सोळा पायांचे किडे

१२ जानेवारी

माझ्या पोळपाटावर राळ! आधी हे लिहून टाकते, श्री मागाहून घालीन. देवाला घाई नाही, मला आहे.

सकाळी पोळ्या करायला बसले तर पोळपाटाच्या मधोमध काळा डाग, आणि त्याच्या भोवती चिकट पिवळं काहीतरी. नखानं खरवडलं तर वास कल्हईवाल्याच्या दुकानासारखा. लीनाला विचारलं. म्हणते, "आजी, टेबलाचं सनमायका जळलं असतं, म्हणून लाकूड घेतलं." म्हणजे सनमायका जळायला नको, माझा पोळपाट जळला तर चालेल! आईचं टेबल ते टेबल, आजीचा पोळपाट तो पाट!

श्री.

आता घातलं. तोंडानं बोललं की घरात भांडण होतं, म्हणून दिगंबरच्या कचेरीतली गेल्या वर्षीची डायरी घेतली आहे. माझं शिक्षण चौथीपर्यंत, तेही अर्धी चौथी. ऱ्हस्व-दीर्घ ज्याला खटकेल त्यानं वाचू नये. तसंही कुणी वाचायचं नाहीच आहे.

१३ जानेवारी

माझी नेमणूक झाली. पगार नाही.

प्रकार असा. नात लीना इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला. नवीन वर्षाच्या पहिल्या आठवड्यात इथं कलकत्त्यात बेहाल्याच्या ट्राम डेपोपाशी चालत्या बसमधून उतरायला गेली आणि उजवं मनगट मोडून घेतलं. कोपरापर्यंत प्लास्टर. आणि परीक्षेसाठी एक यंत्र करून द्यायचं आहे. डाव्या हातानं तारा कथलानं झाळायला गेली, त्याचा परिणाम पोळपाटावर. काल रात्री जेवताना रडली नाही, पण वरण-भात चमच्यानं ढवळत बसली. ते रडण्याहून वाईट.

आज सकाळी माझ्यासमोर येऊन उभी. "आजी, तू गव्हले वळतेस ना?"

म्हटलं, "वळते. तुझ्या लग्नासाठी वळून ठेवीन म्हणत होते, तर तू बसमधून उड्या मारतेस."

"मग तू झाळू शकशील. गव्हल्याहून मोठंच असतं."

माझा मुलगा हसला. दिगंबर खिदिरपूरला पोर्टाच्या कचेरीत फायली हलवतो, त्याच्या हाताला कधी चटका लागलेला नाही. तो हसला म्हणूनच मी हो म्हटलं. माझी बरीचशी कामं अशीच झाली आहेत — कुणीतरी हसलं म्हणून.

१४ जानेवारी

बोट भाजलं. तक्रार नाही.

खोटं. आहे.

१७ जानेवारी

शरत्‌बाबूंनी (खालच्या मजल्यावरचे, आमचे घरमालक) त्यांचा मेलेला रेडिओ सरावाला दिला. त्यातल्या तारा मी काढते आणि परत लावते. राळेचा धूर डोळ्यात जातो. लीना शेजारी बसून डाव्या हातानं पेन्सिल नाचवते आणि मास्तरीण होते. "आधी जागा तापव, मग कथील लाव. कथील तापवून थापू नकोस." "हलवू नकोस, गार होईपर्यंत हलवू नकोस!" "बघ, हा चकाकत नाही. हा नाही चालणार. काढ."

मी म्हटलं, "माझी सासूसुद्धा इतकं बोलत नव्हती."

"तुझ्या सासूला इलेक्ट्रॉनिक्स येत होतं?"

"तिला काहीच येत नव्हतं, पण बोलता येत होतं. तू तिच्यावर गेलीस."

दुपारी झाळल्याचा एक डाग असा पडला की आरशासारखा. लीनानं बघितला आणि काही बोलली नाही. या घरात काही न बोलणं म्हणजे शाबासकी. मी तीनदा जाऊन बघून आले. या वयात!

२० जानेवारी

यंत्र काय ते आज विचारून घेतलं. जे आपण करतो ते काय हे माहीत नसताना करायला मी काही लग्न करत नव्हते.

तिच्या कॉलेजात एक पडद्याचं यंत्र आहे, त्यावर हिरवी रेघ पळते. एरवी त्यावर एक-दोन तारांचं काय चाललंय तेवढंच दिसतं. लीनाचा खोका लावला की आठ तारांचं एकदम दिसतं, आठ रेघा एकाखाली एक. कुठली तार कधी चालू, कधी बंद. म्हणजे एखादं मशीन चुकत असेल तर नेमकं कुठं आणि कोणाच्या आधी चुकलं ते सापडतं. मला आवडलं. आमच्या घरात असा एक हवा होता.

पण खोका लावला की जे मशीन बरं चाललेलं असतं तेच अडखळायला लागतं. कारण हा खोका बघता बघता त्यातलीच थोडी वीज ओढून घेतो. काढला की मशीन परत शहाणं. म्हणून मध्ये एक पाटी बसवायची, तिला बफर म्हणतात. ती सगळं ऐकेल, पुढं सांगेल, पण ज्याचं ऐकते त्याच्याकडून काही ओढणार नाही.

"बजबजच्या स्टेशनात रूळ संपतात तिथं ते लोखंडी गट्टू असतात, त्यांना पण तुझे बाबा बफर म्हणतात," मी म्हटलं.

"तसं नाही गं. म्हणजे… थोडं तसं."

"आणि मुख्य गुण काय तर ओढायचं नाही?"

"हो."

"मग हे माझ्या हातून कसं होणार? मी ऐकते पावशेर आणि ओढते शेर."

हसली. पहिल्यांदाच, हात मोडल्यापासून.

२२ जानेवारी

आजपासून खऱ्या पाटीवर काम. रंगीत पट्ट्यांच्या बारक्या नळ्या, तपकिरी-काळी-पिवळी. आठ तारांच्या आठ वाटा, प्रत्येक वाटेला एक. मी त्यांना तूर-मसूर म्हणते, लीनाला राग येतो.

लोडशेडिंग दिवसातून दोनदा. विजेची झाळणी थंड पडते. शरत्‌बाबूंकडून जुनी तांब्याची झाळणी आणली, ती स्टोव्हवर तापवून काम केलं. सूनबाई शाळेत शिकवून आल्या, स्वयंपाकघरात बघतात तो स्टोव्हवर झाळणी, ओट्यावर तारा, आणि चहाचं आधण नाहीच. श्यामला म्हणाली, "आई, आज जेवायला काय, कथील?"

माझी सून इथंच कलकत्त्यात वाढली, मराठी बोलते ते पुस्तकातलं. पण कधी कधी बाण बरोबर मारते.

२५ जानेवारी

मुख्य सोंग आज आलं. दोन काळे किडे, प्रत्येकाला सोळा पाय. एका किड्यात सहा वाटा, आपल्याला हव्यात आठ, म्हणून दोन. इथं चांदनीच्या बाजारात हे मिळत नाहीत, लीनाच्या सरांनी कुठून तरी दोनच मिळवून दिले. काळ्या स्पंजात पाय खोचून ठेवलेत. पत्र्याच्या डब्यात.

"आजी, याला हात लावायचा नाही. बाकी सगळं झाल्यावर शेवटी लावायचे."

मला! हात लावायचा नाही!

पण गंमत अशी की ती स्वतः हात लावायच्या आधी उठून मोरीतल्या नळाला हात लावून येते. मग किड्याला. मी विचारलं, हे काय? म्हणाली, "अंगातलं काढून टाकावं लागतं." म्हणजे हिचंही सोवळं आहे! बाहेर सगळ्यांसमोर सांगते मी देव मानत नाही, आणि किड्याला शिवायच्या आधी नळाला शिवते. मनात म्हटलं, रक्त कुठं जातंय.

२७ जानेवारी

किड्यांच्या बारा वाटांपैकी चार रिकाम्या राहतात. त्यांची तोंडं मोकळी सोडायची नाहीत, जमिनीच्या तारेला बांधून टाकायची, नाहीतर हवेतलं काहीही ऐकून भलतंच बडबडतात. मी म्हटलं, "बिनलग्नाच्या मुलींसारखं."

लीनानं माझ्याकडं असं बघितलं की मी पुढच्या चार तारा एक शब्द न बोलता लावल्या. चारही चकाकतात.

२८ जानेवारी

आज जेवताना कळलं. बेंगळूरची एक कंपनी पंधरवड्यानं कॉलेजात येणार, मुलांची यंत्रं बघणार, आणि यांच्या वर्गातून एकाला नेणार. लीनाला ती जागा हवी आहे. दोन महिने माहीत होतं तिला. मला आज सांगितलं, तेही वांग्याच्या भाजीबरोबर.

बेंगळूर म्हणजे काय इथून हावडा आहे? मी म्हटलं, "मग हे यंत्र बंद पडलेलंच बरं!"

मी वाढून घेतलं. वांगं तिखट झालं होतं, ते पण मीच केलं होतं.

खरं सांगायचं तर — आणि इथं खोटं लिहून कुणाला फसवायचं — या घरात माझ्याशी भांडणारी ती एकटीच. दिगंबर "हो आई" म्हणतो. श्यामला "बरं आई" म्हणते. हो आणि बरं यांच्याशी माणूस किती दिवस बोलणार? लीनाचं मराठी वाकडं आहे, "पाणी खाते" म्हणते बंगाल्यांसारखं, पण ती परत उत्तर देते.

वसंतपंचमी

इथं आज सरस्वतीपूजा. पोरं वह्या-पुस्तकं देवीपुढं ठेवतात आणि दिवसभर अक्षराला शिवत नाहीत. शरत्‌बाबूंकडं खाली दरवर्षी मूर्ती येते. इतकी वर्षं इथं काढली, मला हा रिवाज पटला आहे. एक दिवस पुस्तकाला पण सुटी.

लीना कॉलेजातल्या पूजेला गेली पिवळी साडी नेसून, एका हातानं नेसता येईना म्हणून मीच नेसवली. ती गेल्यावर मनात आलं, सगळ्या पोरांची पुस्तकं देवीपुढं, आणि आमच्या मुलीची विद्या पत्र्याच्या डब्यात? परवा मी ते वाईट बोलले होते, तेही टोचत होतं. न्हाऊन मुकटा नेसले. म्हटलं, हिला नळाचं सोवळं चालतं तर माझं रेशमी का नाही चालणार? किडे त्या मळक्या स्पंजातून काढले, पायांवर काळं काळं दिसत होतं ते मुकट्याच्या पदरानं एकेक पाय पुसून लख्ख केलं, प्लॅस्टिकच्या डबीत कापसावर ठेवले आणि खाली नेले.

शरत्‌बाबू म्हणाले, "एटा की, माशिमा?" म्हणजे हे काय, मावशी?

म्हटलं, "आमच्या मुलीची पोथी."

त्यांनी त्यावर पलाशाचं फूल ठेवलं. छान दिसत होतं. संध्याकाळी परत स्पंजात खोचून ठेवले. लीनाला सांगितलं नाही. पुण्य सांगितलं की कमी होतं म्हणतात.

४ फेब्रुवारी

काल किडे लावले. आज कॉलेजात नेऊन बघितलं. आठांपैकी पाच वाटा मुक्या. एक सारखी चालूच. दोन बऱ्या.

लीना म्हणते डाग कच्चे आहेत. म्हणजे माझे.

५ फेब्रुवारी

सगळे डाग पुन्हा दिले. डोळ्यांतून पाणी. सगळे चकाकतात. वाटा मुक्याच.

लीनानं पाटी आपटली नाही, हळूच ठेवली. "आजी, राहू दे. तुझं वय झालं." हे ती मला म्हणाली! हात धुऊन जपाला बसले, तर माळेचा मणी सापडेना. माझे हात खरंच गेले की काय?

६ फेब्रुवारी

हात गेले नाहीत. अक्कल गेली.

लीना सकाळी मीटर घेऊन बसली. बसल्या बसल्या तिनं मान वर केली. "आजी, किडे मध्ये कुणी काढले होते?"

मी कौतुकानं सगळं सांगितलं. देवी, फूल, कापूस. पाय कसे पुसले ते सुद्धा.

"कशानं पुसले?"

"मुकट्याच्या पदरानं. स्वच्छ, रेशमी!"

तिनं मीटर बाजूला ठेवलं. मग हसायला लागली, आणि हसता हसता ते रडणं कधी झालं ते कळलं नाही. मग सांगितलं. थंडीच्या कोरड्या हवेत रेशीम घासलं की वीज होते, काढताना चटचट वाजते ना तीच. आपल्याला कळत नाही इतकी, पण या किड्यांना तेवढी पुरते. तो काळा स्पंज मळका नव्हता, तोच त्यांना सांभाळत होता. आणि नळाला हात लावायचा तो अंगातली वीज जमिनीत सोडायला.

म्हणजे एकेक पाय पुसून, फूल वाहून, मी त्यांना मारलं. सोळा सोळा पाय, एकही सोडला नाही. काम मात्र नेटकं!

एवढ्यात श्यामला दारातून म्हणाली, हळूच, "आई, तुम्ही म्हणालाच होतात, बंद पडलेलं बरं."

म्हणाले होते. खरं म्हणाले होते. आता मी मुद्दाम केलं नाही हे कोणत्या तोंडानं सांगू? दिगंबरनं वर्तमानपत्र चेहऱ्यासमोर धरलं. उलटं नव्हतं, पण पान बराच वेळ उलटलं नाही.

लीना म्हणाली, "आई, ती मारेल तर तोंडानं मारेल. किडे कशाला मारेल?"

बाजू घेतली की अपमान केला? दोन्ही असावं. माझीच नात.

७ फेब्रुवारी

सरांकडं आणखी किडे नाहीत. चांदनीत दिगंबर स्वतः जाऊन आला. मी सांगितलं नव्हतं. नाहीत.

लीना सकाळपासून डाव्या हातानं कागदावर काहीतरी काढते आणि फाडते. मी बोलले नाही. दिवसभर! श्यामलानं येऊन विचारलं, "आई, बरं वाटत नाही का?"

८ फेब्रुवारी

लीनानं वाट काढली. किडे नकोतच. प्रत्येक वाटेला एक तीन पायांचा ट्रान्झिस्टर, साध्या रेडिओत असतो तो. बेहाल्यात कुठल्याही रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात मिळतो. किड्यांइतकं नीट ऐकत नाही, थोडं ओढतो, थोडं कमी सांगतो, पण चालेल असं तिचं गणित म्हणतं. गणित मला दाखवलं. मी मान डोलावली. त्यात मला फक्त बरोबरचं चिन्ह ओळखता आलं.

"आणि आजी, हे बुद्धू असतात. रेशमाला भीत नाहीत."

"मग मला झाळू देशील?"

"दुसरं कोण आहे?"

सुती नऊवारी नेसले, तीही जुनी, विटकी. मोरीतल्या नळाला हात लावला. लीना म्हणाली, याला गरज नाही. म्हटलं, मला आहे.

१० फेब्रुवारी

आठ वाटा, चोवीस पाय, वर तूर-मसूर. पुन्हा लोडशेडिंग, पुन्हा स्टोव्ह. श्यामलानं न सांगता कंदील आणून धरला. धरून उभी राहिली, हात अवघडेपर्यंत. एका डागापाशी म्हणाली, "हा चकाकत नाही, आई." बघितलं तर खरंच. काढून परत दिला.

१२ फेब्रुवारी

आठही बोलतात! कॉलेजातून येताना लीना खालूनच ओरडली, शरत्‌बाबू बाहेर आले, त्यांना वाटलं तिला नोकरी लागली. मी म्हटलं, "शुधु बफर, बफर." नुसता बफर. त्यांनी तरीही संदेश पाठवले. बंगाल्याला मिठाईला कारण लागत नाही, निमित्त पुरतं.

१६ फेब्रुवारी

कंपनीचे साहेब येऊन गेले. लीनाच्या प्लास्टरकडं बघून विचारलं, हे कुणी झाळलं? ती म्हणाली, माझ्या आजीनं. साहेब हसले. सर हसले. मग लीनानं विचार कसा केला, किडे का मेले, त्यावर तिनं काय केलं, ते सगळं सांगितलं, मुकट्यासकट! सगळ्या कॉलेजात माझी शोभा. सर म्हणाले म्हणे, आता वर्गात शिकवताना हीच गोष्ट सांगीन.

साठ वर्षं सोवळं पाळलं त्याचं हे फळ. इंजिनियरांना धडा म्हणून उपयोगी पडलं.

घरी आल्यावर मी विचारलं, "नेतात का?"

"कळवतील."

"तुला जायचंय?"

तिनं माझ्याकडं बघितलं. "तू अशी बघत असलीस तर मला सांगता येत नाही."

मी भाजी निवडायला घेतली. पण कान तिकडंच होते.

२४ फेब्रुवारी

प्लास्टर निघालं. हात काडीसारखा, रंग उडालेला. मुठीत चमचा धरता येत नाही अजून. मी तेल लावते, ती ओरडते. बरं चाललंय.

पोळपाट नवा आणला. जुना तिला दिला. दोघी खूश, म्हणजे कुणीच कबूल करत नाही.

२ मार्च

बेंगळूरचं पत्र. लीनाच्या नावानं नाही, दिगंबरच्या! मुलगी परगावी एकटी राहणार, वडिलांची हरकत आहे का, कळवा. दिगंबरनं ते वाचून दाखवलं आणि माझ्यापुढं ठेवलं. "आई, तू म्हणशील तसं लिहितो."

श्यामला भिंतीकडं बघत होती. लीना जमिनीकडं. नाही म्हणायला मला एकच शब्द लागला असता, आणि तो तोंडात तयार होता. घोट घेऊन गिळला. अजून गिळतेच आहे.

म्हटलं, "दिगंबर, मला विचारायचं नाही आणि तूही लिहायचं नाही. कागद तिला दे. अक्षर वाकडं येईल, येऊ दे. तिचं उत्तर तीच लिहील. आणि ती लिहीपर्यंत या खोलीत कुणी थांबायचं नाही. उठा सगळे. मी पण."